माओरी वारसा जाणून घेण्यासाठी न्यूझीलंडला जाताना

न्यूझीलंडच्या सहलीची आखणी करताना बहुतेक जण सरोवरे, हिमनद्या आणि फिओर्डची ठिकाणे नकाशावर खुणा करून ठेवतात, आणि माओरी संस्कृतीसाठी रोटोरुआ शहरातली एक संध्याकाळ राखतात. त्या संध्याकाळी नृत्याचा कार्यक्रम होतो, मागोमाग जेवण होते आणि विषय तिथेच संपतो. असा कार्यक्रम पाहण्यात गैर काही नाही. सादर करणारे बहुधा निष्णात असतात आणि त्यांची उपजीविकाही त्यावर चालते. मात्र ज्यांना या देशाचा मूळ वारसा खरोखर समजून घ्यायचा आहे, त्यांनी ठिकाणांची यादी करण्याआधी प्रत्येक ठिकाणापुढे एक प्रश्न लिहावा: इथले यजमान कोण?

हा प्रश्न आवश्यक ठरतो, कारण 'माओरी' या एका नावाखाली अनेक समाज आहेत. तेराव्या शतकाच्या सुमारास पूर्व पॉलिनेशियातून मोठ्या होड्यांमधून लोक या बेटांवर आले आणि आजही प्रत्येक इवी, म्हणजे मोठा कुलसंघ, आपली वंशावळ अशा एखाद्या होडीपर्यंत नेऊन भिडवते. इवीच्या पोटात हापू म्हणजे लहान कुळे असतात आणि जमीन, नदी, डोंगर, सभागृह यांच्याशी असलेले नाते बहुधा हापूच्याच पातळीवर सांगितले जाते. रोटोरुआचे यजमान ते आरावा, उत्तरेकडच्या टोकाजवळचे ङापुही, दक्षिण बेटाच्या बहुतांश भागाचे ङाइ ताहू. 2023 च्या जनगणनेत सुमारे 8 लाख 87 हजार लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या 17.8 टक्के लोकांनी, आपली ओळख माओरी अशी नोंदवली. इतक्या लोकांच्या चालीरीती सगळीकडे सारख्या असतील अशी अपेक्षा बाळगू नये. एका ठिकाणी शिकलेला नियम दुसऱ्या ठिकाणी लागू नसतो आणि तसे असणे हाच तिथला नियम आहे.

निघण्यापूर्वी: उच्चार आणि पंचांग

तयारीची सुरुवात भाषेपासून करावी. ते रेओ माओरी ही भाषा 1987 पासून देशाची अधिकृत भाषा आहे, पण त्याआधी कित्येक दशके शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांना मार बसत असे. त्यामुळे परक्या माणसाने नावे नीट उच्चारणे ही गोष्ट तिथे साधी शिष्टाचाराची राहत नाही. या बाबतीत मराठी वाचकाला मोठी सोय आहे. पाचही स्वर आपल्यासारखेच स्वच्छ उच्चारले जातात, ऱ्हस्व-दीर्घ भेदाने अर्थ बदलतो आणि रोमन लिपीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ दिलेली असते. 'वाङ्मय' या शब्दातला ङ शब्दाच्या सुरुवातीलाही म्हणता आला, की ङाइ ताहू, ङापुही ही नावे सहज जमतात. डब्ल्यू आणि एच ही अक्षरे एकत्र आली की उच्चार बहुधा 'फ'च्या जवळ जातो, म्हणून रोटोरुआजवळच्या गावाचे नाव फाकारेवारेवा. फांगानुई नदीच्या काठच्या बोलीत मात्र तेच अक्षर 'व'कडे झुकते. अभिवादनात तर संस्कृत शिकलेल्यांना ओळखीचे द्विवचन भेटते: एका व्यक्तीला 'तेना कोए', दोघांना 'तेना कोरुआ', तिघांना किंवा अधिकांना 'तेना कोउतोउ'. 'किया ओरा' हे सर्वत्र चालते, पण समोर दोघे असताना कोणी 'तेना कोरुआ' म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

प्रवासाचा महिना ठरवताना हवामानाइतकेच पंचांगही पाहावे. 6 फेब्रुवारी हा ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या वायतांगी कराराचा दिवस. राष्ट्रीय कापा हाका, म्हणजे माओरी गायन-नृत्य, स्पर्धा असलेला ते मातातिनी हा महोत्सव दर दोन वर्षांनी भरतो आणि सप्टेंबरात भाषा सप्ताह असतो. एकच वेळ निवडायची झाल्यास मी मातारिकी निवडेन. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. मध्य हिवाळ्यात हा तारकापुंज पहाटे पुन्हा क्षितिजावर दिसू लागला की माओरी नववर्ष सुरू होते. सरलेल्या वर्षात वारलेल्या माणसांची नावे त्या वेळी घेतली जातात, आणि ऊन अन्नाची वाफ ताऱ्यांना अर्पण केली जाते. 2022 पासून ही सार्वजनिक सुट्टी आहे. चांद्रमासावर अवलंबून असल्यामुळे तिची तारीख दर वर्षी बदलते (2026 मध्ये 10 जुलै, 2027 मध्ये 25 जून). तारानाकी आणि फांगानुई भागातल्या अनेक इवी मात्र मातारिकीऐवजी पुआंगा, म्हणजे मृग नक्षत्रातला राजन्य हा तारा, पाहून वर्ष मोजतात. यजमान कोण हे विचारण्याची सवय आकाशाकडे पाहतानाही मोडू नये.

माराएवर जाणे

या प्रवासाचा गाभा माराए हा आहे. माराए म्हणजे एखाद्या हापूचे किंवा इवीचे अंगण, सभागृह, भोजनगृह आणि बहुधा स्मशानभूमीजवळचा परिसर मिळून होणारी जागा. ती खासगी असते. फाटक उघडे दिसले म्हणून आत शिरू नये. प्रवाशाला तिथे जाण्याचे तीन मार्ग आहेत: त्या इवीने स्वतः चालवलेली सहल, एखाद्या ओळखीच्या माणसाचे आमंत्रण, किंवा मुक्कामाची व्यवस्था असलेल्या माराएकडे आधीच केलेली विनंती. कोणत्याही मार्गाने गेले तरी आदल्या दिवशी दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: आमच्या बाजूने कोण बोलेल, आणि कोणते गाणे म्हणायचे.

स्वागताच्या विधीला पोफिरी म्हणतात. पाहुणे, म्हणजे मानुहिरी, फाटकाबाहेर एकत्र थांबतात. आतून यजमान स्त्रीची कारांगा ही उंच स्वरातली हाक येते आणि पाहुण्यांमधली स्त्री तिला उत्तर देते. या हाकांमध्ये दोन्ही बाजूंच्या मृतांना आवाहन असते, म्हणून अंगणातून पुढे जाताना हळू चालावे, मध्येच थांबावे लागले तर थांबावे आणि आपापसांत बोलू नये. मोठ्या प्रसंगी त्याआधी वेरो होतो: शस्त्रधारी योद्धा पुढे येऊन जमिनीवर एक खूण, बहुधा डहाळी, ठेवतो आणि पाहुण्यांच्या प्रमुखाने नजर न हटवता ती उचलायची असते. मनात सलोखा आहे की वैर, याची ही पारख आहे, त्यामुळे तिथे हसणे किंवा त्या योद्ध्याच्या हावभावांची नक्कल करणे अत्यंत अनुचित ठरते.

त्यानंतर बसण्याची वेळ येते. पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत सहसा बोलणारे पुरुष बसतात आणि बहुतेक इवींमध्ये अंगणातली भाषणे पुरुषच करतात. ही बाब काही वाचकांना खटकेल. तिच्यावर माओरी समाजातही चर्चा होते आणि पूर्व किनाऱ्यावरच्या ङाती पोरोउंमध्ये मानाच्या स्त्रियांनी भाषण करण्याची परंपरा आहे. मात्र पहिला आवाज स्त्रीचाच असतो आणि तिने हाक दिल्याशिवाय कोणालाही आत येता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पाहुण्याने हा वाद फाटकाबाहेर ठेवावा आणि दाखवलेल्या जागी बसावे.

प्रत्येक भाषणानंतर वक्त्याच्या बाजूचे लोक उभे राहून वायाता, म्हणजे गाणे, म्हणतात आणि पाहुण्यांनाही ते म्हणावेच लागते. येथे बहुतेक परदेशी गट गोंधळतात, कारण सगळ्यांना शेवटपर्यंत पाठ असलेले एकही गाणे त्यांच्याकडे नसते. माझे मत असे, की मोडक्यातोडक्या माओरीपेक्षा सर्वांना येणारा एखादा अभंग दोन कडव्यांपुरता बसवून न्यावा. तो मनापासून म्हटला गेला, तर भाषेची अडचण येत नाही. शेवटच्या पाहुण्या वक्त्याने कोहा, म्हणजे भेट, जमिनीवर ठेवायची असते. आज ती बहुधा पाकिटातल्या पैशांच्या रूपात असते. सहलीच्या शुल्कात ती धरली आहे का, हे आधी विचारावे. धरलेली नसेल, तर रक्कम ठरवताना मुक्काम आणि जेवण यांचा यजमानांवर पडणारा भार नजरेसमोर ठेवावा.

मग होंगी. उजवा हात हातात घेऊन नाक नाकाला, आणि अनेकदा कपाळ कपाळाला, हलकेच टेकवायचे आणि श्वास घ्यायचा. ताने या देवाने मातीच्या पहिल्या स्त्रीच्या नाकपुड्यांत प्राण फुंकला, अशी कथा आहे. होंगीत दोन माणसे तोच श्वास वाटून घेतात. घाई करू नये, डोळे मिटले तरी चालते, गालाचे चुंबन घेण्याच्या फंदात पडू नये. सर्दी-ताप असेल तर तसे सांगून केवळ हात मिळवावा. सर्वांत शेवटी जेवण, आणि ते टाळू नये. पाहुणा येतो तेव्हा तो तापू, म्हणजे निर्बंधयुक्त अवस्थेत असतो, आणि अन्नाने ती अवस्था उतरून तो नोआ, म्हणजे साधा, मोकळा होतो; भूक नसेल तरी घासभर खावे.

सभागृहाला फारेनुई म्हणतात आणि ते एखाद्या पूर्वजाचे शरीर असते. शिखरावरचा कोरलेला चेहरा हे मस्तक, दर्शनी उतरत्या फळ्या हे पसरलेले हात, आढे हा पाठीचा कणा, वासे या बरगड्या. आत शिरणे म्हणजे त्या पूर्वजाच्या कुशीत शिरणे. एवढे कळले की नियम पाठ करावे लागत नाहीत. पादत्राणे बाहेर काढावीत, आत खाऊ-पिऊ नये, उशीवर बसू नये, कारण डोके तापू आहे आणि उशी डोक्यासाठी आहे. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये. भोजनगृहात टेबलावर बसू नये आणि टोपी किंवा कंगवा त्यावर ठेवू नये. भांडी पुसण्याचे कापड अंगावरच्या कपड्यांबरोबर धुऊ नये. चपला दाराशी काढणाऱ्या आणि अन्नाला पाय लागू न देणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यातले निम्मे नियम समजावून सांगावे लागत नाहीत. छायाचित्रांबाबत मात्र कडक राहावे: विधी चालू असताना कॅमेरा बंद, आतल्या कोरीवकामाचे आणि भिंतीवरच्या दिवंगतांच्या तसबिरींचे चित्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

जेवणात हांगी असेल. खड्ड्यात दगड तापवून त्यावर टोपल्या ठेवतात, ओल्या कापडाने व मातीने झाकतात आणि काही तासांनी उकरतात. मांस, बटाटे, भोपळा आणि कुमारा म्हणजे रताळी बहुधा एकाच खड्ड्यात शिजतात, म्हणून शाकाहारी माणसाने हे नोंदणीच्या वेळीच कळवावे. आयत्या वेळी सांगितल्यास स्वयंपाकघराचीच अडचण होते. बटाट्याच्या आंबवणाने केलेला रेवेना पाव मिळाला तर जरूर खावा.

कोठे जावे

दोन आठवडे असतील, तर उत्तर बेटापुरतेच थांबावे. ऑकलंडमध्ये पहिला दिवस ज्वालामुखीच्या टेकड्यांवर घालवावा. त्यातल्या मोउंगाफाउ टेकडीच्या विवरात उतरू नये, ते पवित्र मानले जाते. तिथून ताकापाराफाऊ या भूशिरावर जावे. शिल्लक राहिलेली जमीन विकासकांच्या हाती जाऊ नये म्हणून इथल्या ङाती फातुआ इवीने 1977-78 मध्ये ती 506 दिवस आपल्या ताब्यात ठेवली आणि 25 मे 1978 रोजी 222 जणांना अटक करून त्यांना हटवण्यात आले. ती जमीन पुढे त्यांना परत मिळाली. वारसा म्हणजे फक्त कोरीव खांब नव्हेत, हे समजण्यासाठी ही हिरवळ कोणत्याही संग्रहालयाइतकी उपयोगी आहे.

उत्तरेला सुमारे तीन तासांवर वायतांगी. येथे 6 फेब्रुवारी 1840 रोजी ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातील करारावर पहिल्या सह्या झाल्या. या कराराचे दोन्ही भाषांतले मसुदे शेजारी ठेवून वाचावेत: इंग्रजीत प्रमुखांनी सार्वभौमत्व दिले असे लिहिले आहे, माओरीत मात्र 'कावानातांगा' म्हणजे कारभार दिला आणि 'तिनो रांगातिरातांगा' म्हणजे आपले पूर्ण अधिपत्य राखले, असे आहे. बहुसंख्य प्रमुखांनी माओरी मसुद्यावर सही केली. देशाचे आजचे निम्मे राजकारण या एका फरकातून उगवते. 1975 मध्ये वायतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले तेही याचसाठी. आवारातली लांबलचक माओरी युद्धहोडी आणि कोरीव सभागृह पाहायला वेळ लागतोच, तरी आधी मसुदे वाचून घ्यावेत. आणखी उत्तरेला ते रेरेंगा वायरुआ हे टोक आहे. मृतांचे आत्मे तिथल्या पोहुतुकावा वृक्षाच्या मुळांवरून उतरून पूर्वजांच्या भूमीकडे निघतात अशी श्रद्धा आहे, म्हणून तेथे खाऊ नये. परतताना वायपोउआच्या अरण्यात ताने माहुता हा प्रचंड काउरी वृक्ष पाहता येतो. काउरीची मुळे कुजवणारा रोग मातीतून पसरतो, तेव्हा प्रवेशाजवळच्या केंद्रावर बूट घासून धुणे टाळू नये.

रोटोरुआला गर्दी असते, तरी तो टाळू नये. फाकारेवारेवा हे गाव आजही वसलेले आहे. तिथे लोक नैसर्गिक वाफेवर अन्न शिजवतात आणि शतकाहून अधिक काळ पाहुण्यांना स्वतः फिरवून दाखवतात. 10 जून 1886 रोजी तारावेरा ज्वालामुखीच्या उद्रेकाने प्रसिद्ध गुलाबी-पांढऱ्या नैसर्गिक पायऱ्या आणि आसपासची गावे गाडली गेली, आणि तिथून निघालेल्या काही कुटुंबांना या गावाने आसरा दिला. रोटोरुआतल्याच 'ते पुइया' या केंद्रातील कोरीवकामाच्या व विणकामाच्या शाळांमध्ये विद्यार्थी काम करताना दिसतात. तिथे तासभर निवांत उभे राहिले, तर संध्याकाळचा कार्यक्रम पाहताना मागच्या भिंतीवरची नक्षीही वाचता येते.

तारानाकीतल्या पारिहाका या गावाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जप्त जमिनींच्या मोजणीला विरोध म्हणून ते फिती आणि तोहू या नेत्यांच्या मार्गदर्शनाखाली इथल्या लोकांनी मोजणीच्या खुंट्या उपटल्या, जमीन नांगरली आणि अटक होताना हात उगारला नाही. 5 नोव्हेंबर 1881 रोजी सरकारचे सुमारे 1,600 सशस्त्र लोक गावात घुसले, तेव्हा गात-नाचत समोर आलेली मुले आणि ताजा पाव त्यांच्या स्वागताला होता. गाव उद्ध्वस्त केले गेले. गांधीजी तेव्हा बारा वर्षांचे होते. दर महिन्याच्या 18 आणि 19 तारखेला तिथे आजही लोक जमतात. जायचे असल्यास आधी संपर्क साधूनच जावे, कारण ते पर्यटनस्थळ म्हणून उभारलेले नाही.

फांगानुई नदीला 2017 च्या कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. 'मी नदी आहे, नदी मी आहे' या तिथल्या जुन्या वचनाला संसदेने दिलेली ती मान्यता. होडीतून काही दिवसांचा प्रवास करता येतो आणि वाटेत तिएके काइंगा येथे मुक्काम केल्यास माराएच्या रीतीने स्वागत होऊ शकते. वेलिंग्टनमध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात वायतांगी कराराची मूळ पाने पाहता येतात. ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय मोठे आहे. सप्टेंबर 2024 पासून परदेशी प्रौढांना 35 न्यूझीलंड डॉलर प्रवेशशुल्क आहे. दक्षिण बेटावर जाणे जमलेच, तर काइकोउरा येथे ङाइ ताहूंनी उभारलेली व्हेलदर्शनाची सफर घ्यावी.

विकत घेण्याबद्दल आणि कागदपत्रांबद्दल

पोउनामू, म्हणजे हिरवा जेड दगड, 1997 च्या कायद्याने ङाइ ताहूंच्या मालकीचा आहे. स्मृतिवस्तूंच्या दुकानांत बाहेरून आणलेला दगडही विकला जातो, म्हणून दगड कुठला आणि कोरणारा कोण हे विचारावे. खरे विकणारा उत्तर आनंदाने देतो. चेहऱ्यावरचा मोको, म्हणजे गोंदण, ही त्या माणसाची वंशावळ असते. त्याचे नमुने हौसेने अंगावर गोंदवून घेऊ नयेत. बाहेरच्यांसाठी किरितुही हा वेगळा प्रकार माओरी कलाकार करून देतात. जुन्या वस्तू विकत घेऊच नयेत, कारण पन्नास वर्षांहून जुन्या माओरी वस्तू देशाबाहेर नेण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत.

भारतीय पारपत्रावर आधी व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यासोबत 100 न्यूझीलंड डॉलर पर्यटक शुल्क भरावे लागते. जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत: खाद्यपदार्थ, बिया, लाकडी वस्तू, मातीचे बूट यांची नोंद प्रवेशपत्रात केलीच पाहिजे, न केल्यास जागेवर 400 डॉलर दंड होतो.

माराएवर मुक्काम केला असेल, तर निघण्याच्या सकाळी गाद्या आवरून, सभागृह झाडून ठेवावे आणि भांडी धुवायला स्वयंपाकघरात जावे. निरोपाच्या वेळी, ज्याला पोरोपोरोआकी म्हणतात, पाहुण्यांनी दोन शब्द बोलायचे असतात. त्या वेळी रिंगावेरांना, शब्दशः 'तापलेल्या हातांना', म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, बाहेर बोलवावे, त्यांचे आभार मानावेत आणि आदल्या दिवशीचे गाणे त्यांच्यासाठी पुन्हा म्हणावे.